भारा बंद करणारे काकाजी

काकाजींशी वाद घालायचा नाही, ही आमच्या मोहल्ल्यातली पहिली शिकवण. वाद घातला की तुमची संध्याकाळ गेलीच समजा. माणूस चिडका अजिबात नव्हता. आवाजही चढवायचा नाही. उलट समोरच्याला चहा पाजून हरवायचा, आणि हरलेला माणूस चहा मात्र फक्कड होता असं सांगत घरी जायचा. नाव दयाराम कापगते, पण सगळं गाव त्यांना काकाजीच म्हणे. साकोली तालुक्यात एकोडीच्या पुढे आमचं गाव. गावच्या तलावाखाली काकाजींची बारा एकर धानाची शेती. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती, त्यामुळे त्यांच्या ओसरीवरचा प्रत्येक वाद आम्हाला घरबसल्या ऐकायला मिळायचा.

उंच, काटक, गुडघ्यावर खोचलेलं धोतर, आणि एका काडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा. वर्तमानपत्र बसने यायचं ते दुसऱ्या दिवशी. काकाजी ते शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्याउभ्या वाचत. सिनेमाची पानं ते पोरांना देऊन टाकत आणि सरकारी जाहिराती स्वतः वाचत. त्यातलं बारीक टायपातलं तर दोनदा. सरकारनं एखादी गोष्ट छापली म्हणजे तिच्यामागे कुणीतरी बसून विचार केला असणार, अशी त्यांची भाबडी खात्री होती. आम्ही त्यांची खेचायचो. उद्या सरकारनं छापलं की सूर्य पश्चिमेला उगवतो, तर काय कराल काकाजी? ते गंभीरपणे म्हणत, ‘तं मी अर्ज करीन, चूक दुरुस्त करा म्हणून. छापलेलं दुरुस्त होते बापू. तोंडचं होत नाही.’

हे नुसतं बोलणं नव्हतं. एका वर्षी पाऊस दडी मारून बसला तेव्हा तलावाचं पाणी पाळीपाळीनं सोडायचं ठरलं आणि पाळ्या सांभाळायचं काम काकाजींकडे आलं. त्यांच्या स्वतःच्या शेताची पाळी संपली तेव्हा खालची बांधी, म्हणजे धानाचा वाफा, अर्धीसुद्धा भरली नव्हती. थोरला मुलगा म्हणाला, घटकाभर राहू द्या, कोण पाहून राहिलं. काकाजींनी स्वतः पाण्यात उतरून मातीनं बांधीचं तोंड बंद केलं. त्या बांधीतलं धान त्या वर्षी निम्मं पळंज निघालं, दाणाच भरला नाही. काकींनी महिनाभर जेवायला वाढताना ताट जरा जोरातच ठेवलं. काकाजी मात्र खुशीत होते.

आणखी एक सवय सांगायची राहिली. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, येणाऱ्या बायांना ते ‘ए’ म्हणून कधी हाक मारत नसत. आमच्याकडे चांगले शिकलेले लोकही मारत. काकाजी पूर्ण नावानं बोलावत. सगुणाबाई, अनसूयाबाई, पार्वताबाई. बाया चिखलात वाकलेल्या असताना ते धुऱ्यावर छत्री घेऊन बसले आहेत असं मी कधी पाहिलं नाही. धोतर आणखी वर खोचून तेही रोपांच्या पेंड्या फेकत फिरायचे. पेंडी नेमकी भलतीकडे पडायची आणि बाया पदराआड हसायच्या.

या बायांची म्होरकी सगुणाबाई. ठेंगणी, सावळी, कमी बोलणारी. नवरा श्रावण मिळेल ते काम करी, मोहाची मिळाली तर घेई, पण मारकुटा नव्हता. तीन मुलं. शेत नाही. वर्षभर पोटाला जे लागे ते कापणीच्या दिवसांतच गोळा करायचं. कारण आमच्या गावात कापणीची मजुरी पैशात नव्हती. दिवस मावळला की कापणाऱ्या प्रत्येक बाईला धानाचा एक भारा मिळायचा, लोंब्यांसकट. भारा केवढा याला माप नव्हतं. शेतकरी सढळ असला तर मोठा, चिकट असला तर बारका. संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून डोक्यावर भारे घेतलेल्या बायांची रांग गावात यायची. घरी आल्यावर धान झोडायचं आणि ढोलीत भरायचं. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं सारवलेली उंच कणगी. तिच्यावर पुढचा पावसाळा निघायचा.

काकाजींना नेमकं हेच खुपायचं. माप नाही म्हणजे हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. बळीरामजींसारखा गावातला सगळ्यात मोठा शेतकरी बारका भारा देतो आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करतो, हे त्यांना सहन होत नसे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शेतमजुरांची किमान मजुरी सरकार वाढवणार, अशी बातमी काकाजींच्या त्या शिळ्या वर्तमानपत्रात आली. गावात भांडण पेटायला तेवढं पुरेसं होतं. शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक बसली. मी तेव्हा जवाहरनगरच्या फॅक्टरीत नुकताच लागलो होतो आणि सुटीवर आलेलो होतो, म्हणून ती मला पाहायला मिळाली. बळीरामजींनी सुरुवात केली. धानाचा भाव सरकार बांधून देणार, सक्तीच्या लेव्हीत धान उचलून नेणार, आणि मजुरी मात्र आम्ही वाढवायची, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. मजुरी वाढली तर आम्ही रोवणीला कमी माणसं लावू, मग बायांनी काय खायचं तेही सरकारलाच विचारा. खरं सांगायचं तर बोलणं अगदीच खोटं नव्हतं. छोटे शेतकरी माना डोलवत होते.

काकाजी उठले आणि त्यांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. या पोराचा महागाई भत्ता वाढतो, म्हणाले, तेव्हा फॅक्टरीला परवडते का म्हणून कोणी बैठक घेते का? सगळा वऱ्हांडा माझ्याकडे पाहू लागला. मला नव्या टेरिकॉटच्या शर्टाची लाज वाटली. मग काकाजींनी मुद्दा मांडला. सरकार जो दर ठरवेल तो रोख द्यायचा, रोजच्या रोज, हातात. भारा बंद. भारा म्हणजे मालकाची मर्जी, पैसा म्हणजे कायदा.

बाया भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण सगुणाबाईनं विचारलं.

‘काकाजी, पैसे कोणाच्या हातात देसाल?’

‘तुह्याच हातात. दुसऱ्या कोणाच्या?’

‘अना घरी गेल्यावर?’

लोक हसले. श्रावण तिथेच बसला होता, तोही हसला. काकाजीही हसले, प्रेमानंच, आणि म्हणाले की सगुणाबाई, घरचं भांडण कायद्यात बसत नाही. तिनं पदर सावरला आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिली.

बैठक दोन दिवस चालली. पहिल्या संध्याकाळी बळीरामजी अटीतटीनं भांडले. दुसऱ्या संध्याकाळी आले ते शांत होऊन. गावाच्या एकीसाठी आपल्याला मान्य आहे, म्हणाले. भारा बंद, सरकारी दर रोख. काकाजींना हर्षवायू व्हायचा बाकी होता. घरी येऊन त्यांनी भिंतीवरूनच आमच्या आईला गूळ दिला आणि सगळा वाद पहिल्यापासून पुन्हा ऐकवला, बळीरामजींच्या वाट्याची वाक्यंसुद्धा स्वतःच म्हणून दाखवत.

त्या वर्षी कापणीच्या दिवसांत मी गावी आलो. संध्याकाळी काकाजी मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. बाया परत येत होत्या. डोकी रिकामी, हात मोकळे, कमरेला पैशांची गाठ. ‘पाह्य बापू,’ काकाजी म्हणाले, ‘ओझं नाही कोणाच्या डोक्यावर.’ त्यांचा चेहरा पोराच्या लग्नात उभ्या असलेल्या बापासारखा झाला होता. मलाही ते दृश्य चांगलं वाटलं.

पैसा वाईट कामालाच गेला असं मुळीच नाही. उगाच श्रावणला दोष देण्यात अर्थ नाही. थोडा मोहाच्या दारूत गेला, पण थोडा सायकलच्या टायरमध्ये गेला, थोडा माहेरी आलेल्या नणंदेच्या लुगड्यात, थोडा पोराच्या तापात, थोडा दुकानदाराच्या जुन्या बाकीत. धान घरात असलं की पाहुण्याला चार दिवस भात घालता येतो, पण ढोली कुणी उचलून मागत नाही. पैसा मागतात. घरात पैसा आहे हे कळलं की नवरा मागतो, दीर मागतो, दुकानदार मागतो, आणि नाही म्हणायला बाईकडे तोंड नसतं. त्यातच पुढच्या उन्हाळ्यात तांदळाचा भाव चढला. भाऱ्यातल्या धानाला भावाशी काही देणंघेणं नव्हतं. पैशाला होतं.

भाद्रपदात सगुणाबाई काकाजींच्या मागल्या दारी आली. हे मला काकींनी सांगितलं. ती काकींकडे कणकी मागत होती, तांदूळ कांडल्यावर उरते ती चुरी. आमच्याकडे ती कोंबड्यांना घालतात. कोंबड्या पाळल्या का, काकींनी विचारलं. ती म्हणाली, हो. तिच्याकडे कोंबडी नाही हे काकींना माहीत होतं. आत काकाजी वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते बाहेर आले.

‘ढोलीतलं धान सरलं का, सगुणाबाई?’

‘ढोलीत पडलंच कुठी, काकाजी?’

तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, असं काकी सांगत. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. काकाजींनी धानाचं पोतं काढायला लावलं. तिनं कणकी तेवढी घेतली आणि गेली. पोतं दोन दिवस ओसरीवर पडून होतं, कारण ते परत आत न्यायला काकाजी कोणाला सांगेनात.

मग ते बळीरामजींकडे गेले. मी सुटीवर होतो, मला सोबत नेलं. एकट्यानं जायची हिंमत झाली नसावी. काकाजी म्हणाले, आपलं चुकलं, भारा पुन्हा सुरू करू. बळीरामजींनी शांतपणे सुपारी कातरली. मग म्हणाले, ‘कायदा तुमीच आणला नं काकाजी? आता आमी कायद्यानं चालून राहिलो तं तुमालेच जड कायले जाऊन राहिलं?’ आणि मग, बहुधा जिंकलेल्या माणसाला राहवत नाही म्हणून, त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. बैठकीच्या पहिल्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांच्या जावयानं भाऱ्यातल्या धानाची किंमत लावून पाहिली होती. बारक्यात बारका भाराही बातमीतल्या सरकारी दरापेक्षा महाग पडत होता. म्हणून तर दुसऱ्या दिवशी त्यांनी मान्य केलं.

 परत येताना वाटेत कुणी राम राम केला तर काकाजी हात जोडत होते, पण भलत्याच दिशेला. घराजवळ आल्यावर थांबले. ‘माह्यासंग कोणी भांडलंच नाही रे,’ म्हणाले, ‘मी एकटाच जिंकून राहिलो होतो.’

त्यानंतरचे काकाजी वेगळे. स्वतःच्या शेतात त्यांनी पैसे आणि भारा, दोन्ही सुरू केलं. गावातल्या सगळ्या बाया त्यांच्याच बांधावर येऊन उभ्या राहू लागल्या. बारा एकरांना लागून लागून किती बाया लागणार? रोज सकाळी निम्म्यांना परत पाठवायचं काम त्यांच्यावर आलं. ज्या हातांनी ते पेंड्या फेकत त्याच हातांनी आता बायांना नको म्हणत. दुसऱ्या वर्षी सगुणाबाईलाही एकदा परत जावं लागलं. ती आधी आलेल्या दोघींना पुढे करून स्वतःच मागे फिरली होती, तरी काकाजी त्या दिवशी जेवले नाहीत. मुलं कुरकुरू लागली. ही शेती आहे का सदावर्त, थोरला सगळ्यांसमोर म्हणाला. पुढे वाटण्या झाल्या, कारभार मुलांकडे गेला आणि भारा काकाजींच्या शेतातूनही बंद झाला. या वेळी त्यांनी वाद घातला नाही.

खरं तर त्यांनी वाद घालणंच सोडलं. ओसरीवर कुणी काही चुकीचं बोललं तरी ‘असंल’ म्हणत. चहा पूर्वीसारखाच पाजत, पण आता लोक तो पिऊन लवकर उठत. आमच्या भिंतीपलीकडे इतकी शांतता झाली की आईला करमेना. वर्तमानपत्र यायचं ते घडी न मोडता खुंटीला अडकून राहायचं. मला राग यायचा. वाटायचं, या माणसानं कुणाचं काय लुबाडलं? ज्यांनी हिशेब करून गिळलं ते ढेकर देऊन झोपतात, आणि हा चांगला माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरतो. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, बळीरामजीला सगुणाबाईनं काही विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं. आणि मी हसलो.

ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं असेल. मजुरीचा दर पुन्हा वाढवायचा होता, आणि गावोगावची मतं ऐकायला एक सरकारी अधिकारी आला. तरुण, सौम्य, अंगावर साधा बुशशर्ट. त्याच शाळेच्या वऱ्हांड्यात सभा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या गावात एक कापगते काकाजी आहेत, मजुरीच्या प्रश्नावर त्यांचा मोठा अभ्यास आहे. निरोप पाठवून त्यांना पुढे बसवलं. पुन्हा तेच वाद झाले. शेतकरी म्हणाले परवडत नाही. मजुरांतला एक पोरगा म्हणाला, दर कागदावरच वाढतो, हातात येत नाही. अधिकारी सगळं लिहून घेत होता. शेवटी सगुणाबाई उठली. आता केस पांढरे झाले होते. म्हणाली, दर वाढवा साहेब, पण आम्हाला धानही पाहिजे. पूर्वी मिळायचं.

अधिकारी म्हणाला की जिथं धान्यात मजुरी द्यायची जुनी चाल आहे, तिथं ती चालू ठेवायची सोय कायद्यातच आहे. सरकारकडे मागणी करायची, सरकार परवानगी देऊ शकतं. थोडं धान्य, थोडे पैसे, असंही करता येतं. मग त्यानं सहजच विचारलं, ‘तुमच्याकडे चाल होती, तर ती बंद कोणी केली?’

 बळीरामजी समोरच बसले होते, ते खाली पाहू लागले. काकाजी सावकाश उठले. चष्मा काढून हातात घेतला.

‘मी,’ म्हणाले. ‘मी बंद केली. मले वाटलं, कायदा तसाच आहे. मी पुरतं वाचलं नव्हतं.’

अधिकारी गडबडला. तो म्हणाला, तसं नाही, आताही अर्ज करता येईल, शेतकरी आणि मजूर दोघांनी मिळून. त्यानं शेतकऱ्यांकडे पाहिलं. शेतकरी चपला शोधू लागले. अर्ज झाला नाही. दर मात्र यथावकाश वाढला, आणि बळीरामजींनी रोवणीच्या बाया आणखी कमी केल्या.

त्या साली कापणी आटोपली आणि गावातली काही मजूर घरं नागपूरकडे वीटभट्ट्यांवर निघाली. सगुणाबाईचं घर त्यात होतं. मीही त्याच सकाळच्या बसने जवाहरनगरला परतत होतो. फाट्यावर गेलो तर काकाजी आधीच उभे. बरेच थकले होते, मान किंचित हलायची. लोकांची बोचकी, पातेली, गुंडाळलेल्या चटया ते एकेक करून रस्त्याच्या कडेला नीट लावत होते. कुणी त्यांना थांबवत नव्हतं. श्रावण नको काकाजी, नको काकाजी म्हणत मागेमागे फिरत होता.

बस दिसली तेव्हा सगुणाबाई त्यांच्या पाया पडली. ते एकदम मागे सरले.

‘काकाजी,’ ती म्हणाली, ‘तुमी मनाले लावून घेऊ नका. तुमी आमच्या भल्यासाठीच केलं होतं. आमाले ठाऊक आहे.’

‘तेच तं होऊन बसलं, सगुणाबाई,’ काकाजी म्हणाले. ‘मी वाईट असतो तं तुले माह्यासंग भांडता तरी आलं असतं.’

 कंडक्टर घाई करू लागला. सामान टपावर चढलं, माणसं आत कोंबली गेली. मला मागच्या काचेजवळ जागा मिळाली, सगुणाबाई माझ्या पायाशी बोचक्यावर बसली. बस हलली. मी मागे वळून पाहिलं. काकाजी रस्त्याच्या मधोमध उभे होते. हात वर केलेला नव्हता, जोडलेलाही नव्हता. एक बैलगाडी त्यांना वळसा घालून पुढे गेली, तरी ते बाजूला झाले नाहीत.

सगुणाबाईला खाली बसून बाहेरचं दिसत नव्हतं. बरंच पुढे आल्यावर तिनं मला विचारलं, ‘बापू, काकाजी घरी गेले का?’

रस्ता सरळ होता. ते अजूनही दिसत होते, होते तिथेच.

‘गेले,’ मी म्हणालो.